चौतीस चौरस फूट

धर्मसंस्थांना करमाफी असावी की नसावी, हा प्रश्न शतकानुशतकं थोरामोठ्यांना छळत आला आहे, आणि त्याचा अंतिम, निर्विवाद, कायम टिकणारा निकाल मी लावलेला आहे. सहीशिक्क्यासह. निकाल चौतीस चौरस फुटांना लागू आहे. बाकीच्या जगाने आपापलं बघून घ्यावं.

तेव्हा मी नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात निरीक्षक होतो. वय छत्तीस. डोक्यावर केस होते आणि प्रत्येक विषयावर मतं होती. आता दोन्ही विरळ झाली आहेत. आमचं काम सोपं होतं. कुणाच्याही घरात शिरायचं, फीत लावायची, लांबी-रुंदी लिहायची आणि ‘वापर’ नावाच्या रकान्यात एक शब्द भरायचा : राहणे, दुकान, गोदाम, कारखाना. माणसाचं सगळं आयुष्य त्या एका रकान्यात मावायचं. न मावल्यास ‘संकीर्ण’ लिहायची सोय होती.

फीत कापडाची होती, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली, बाजूला पितळी मूठ. ती मूठ फिरवताना जो कुर्रकुर्र आवाज यायचा तो मला अजून झोपेत ऐकू येतो आणि बरं वाटतं. वर्षानुवर्षं ओढून ओढून ती फीत थोडी सैल झाली होती, त्यामुळे आमच्या मोजणीत गावातली घरं दरवर्षी किंचित लहान होत होती. याबद्दल आजवर एकाही घरमालकाने तक्रार केलेली नाही.

फितीचं दुसरं टोक धरायला माझ्यासोबत शून्यराव असायचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, अंगाने काटकुळे, आणि बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं : फितीवरचा शून्याचा आकडा भिंतीला दाबून धरणं. म्हणून शून्यराव. कुणी विचारलं, काय करता, तर ते गंभीरपणे सांगायचे की मी सुरुवात धरून ठेवतो. मला ते ‘साहेब’ म्हणायचे, पण अशा सुरात, की त्यात ‘लेका’ ऐकू यावं.

त्या वर्षी पालिकेच्या सभेत तो ठराव आला. प्रार्थनाघरांना, मठांना, असल्या सगळ्या वास्तूंना घरपट्टी माफ होती, ती रद्द करावी असा. सहा महिने वाद झाला. एक बाजू म्हणायची, रस्ता वापरता, गटार वापरता, दिवा आमच्याच तारेवर जळतो, मग शेजारचा न्हावी पट्टी भरतो आणि तुम्ही का नाही? दुसरी बाजू म्हणायची, जिथे माणसाला फुकट बसता येतं अशी गावात एकच जागा उरली आहे, तिलाही तिकीट लावा. मी पहिल्या बाजूचा. कचेरीच्या उपाहारगृहात मी या विषयावर अर्धा तास भाषण केलं होतं आणि दोन टेबलांवरून टाळ्या आल्या होत्या. खरं सांगायचं तर ते भाषण मला आजही पटतं. अडचण एवढीच झाली की भाषणात खोली नव्हती, आणि खोलीत आई होती.

शेवटी सभेने मध्यम मार्ग काढला. प्रार्थनेसाठी वापरात असलेली जागा करमुक्त. त्याच वास्तूतली बाकी सगळी जागा करपात्र. एका सभासदाने उभं राहून विचारलं की प्रार्थना म्हणजे नेमकं काय. घड्याळात जेवणाची वेळ झाली होती. ते संबंधित निरीक्षक ठरवतील, असं एकमताने मंजूर झालं. प्रार्थना म्हणजे काय हे ठरवण्याचा कायदेशीर अधिकार असा माझ्याकडे आला, आणि मी तर तृतीय श्रेणीचा कर्मचारी होतो.

आता खोलीबद्दल सांगतो. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक जुनं प्रार्थनाघर होतं. पुढे मोठं दालन, उंच छत, बाकांच्या रांगा. त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. वाद मागच्या खोलीचा होता. बारा फूट बाय वीस फूट, गल्लीकडे उघडणारं एकच दार, गज लावलेल्या दोन खिडक्या. तिथे रोज दुपारी साडेबारा ते साडेतीन सात बायका बसायच्या. जुने कपडे रफू करायच्या, बटणं लावायच्या, लोकर सोडवून पुन्हा विणायच्या. त्या सातांतली एक माझी आई.

वडील गेल्यावर आई वर्षभर बोलली नाही असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. ती ‘हो’, ‘नको’ आणि ‘दार लाव’ एवढं बोलायची. डॉक्टर झाले, हवापालट झाला, माझ्या बायकोने हरप्रकारे प्रयत्न केले. मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई आल्या, आईला हाताला धरून उठवलं आणि त्या खोलीत नेऊन बसवलं. महिनाभर ती नुसती बसून आली. महिन्यानंतर एका दुपारी घरी आली, चपला काढल्या, आणि तिथल्या एका बाईच्या शिवणाची चांगली दहा मिनिटं निंदा केली. टाके म्हणे असे घातलेत, की गुरं बांधावीत. मी आणि बायको स्वयंपाकघरात एकमेकांकडे बघत राहिलो. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी सुंदर निंदा आम्ही त्याआधी ऐकली नव्हती.

तेव्हापासून आमचं घर त्या तीन तासांवर चालत होतं. सासू-सुनेचं उत्तम जमायचं, कारण दोघींना एकमेकींची थोडी आठवण काढायला रोज तीन तास मिळायचे.

प्रार्थनाघराचे मुख्य विश्वस्त पेशाने चष्मेवाले होते, सरळ माणूस. त्यांनी लपवाछपवी केली नाही. म्हणाले, जे जमतं त्यात दिवाबत्ती आणि छपराची डागडुजी होते. मागच्या खोलीला पट्टी लागली तर ती भाड्याने द्यावी लागेल. प्लॅस्टिकच्या बादल्या विकणारे एक व्यापारी गोदाम शोधतच आहेत. मग बायकांनी कुठे बसायचं, असं मी विचारलं, तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मेवाल्याला उत्तर सुचत नसलं की अशी सोय असते.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो आणि हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून विनंती केली. माझी आई तिथे बसते, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, म्हणजे तुम्हाला जागा माहीत आहे, फार छान. आणि एक कागद हातात ठेवला. त्यावर त्यांनी स्वतः रात्र जागून प्रार्थनेची तीन लक्षणं लिहून काढली होती. एक, बोलणं नसावं. दोन, डोळे मिटलेले असावेत. तीन, हात स्थिर असावेत. तिन्ही आढळल्यास वापराच्या रकान्यात ‘प्रा.’ असं लिहावं. तीन वेळा, न कळवता पाहणी करावी. दिसेल ते लिहावं. वाटेल ते लिहू नये.

शून्यरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले की या हिशेबाने आपला अभिलेख विभाग गेली कित्येक वर्षं रोज दुपारी प्रार्थना करतो आहे, आणि आपण उगाच त्यांना नावं ठेवतो.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने ताटातलं जेवण संपवलं. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, “तू तुझं काम कर. पण एक ऐक. माझ्यासाठी खोटं लिहिलंस, तर त्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही.”

म्हणजे खरं लिहिलं तर खोली जाणार आणि खोटं लिहिलं तर आई जाणार नाही. बायको त्या दिवसांत माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायची. तिला काय हवं आहे ते ती सांगत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, अहो, त्या परत ‘दार लाव’वर आल्या तर मला सोसणार नाही.

पहिली पाहणी मंगळवारी झाली. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा सातही जणी एकाच वेळी बोलत होत्या आणि सातही जणींना सगळं ऐकू येत होतं. विषय गुडघे आणि सुना असा मिश्र होता. त्यांत दोन सख्ख्या जावा होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेजारी शेजारी बसायच्या आणि तिसरीला मध्ये घालून बोलायच्या. “तिला सांगा, कात्री माझी आहे,” एक म्हणायची. “तिला सांगा, मी कुठे खाल्ली,” दुसरी. निरोप पोचवायचं काम आईकडे होतं, आणि ती ते थोडी भर घालून करायची. नर्सबाईंनी मला पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की खोकला गेला का, आणि आत बनियन घातलं आहेस का. मी वहीत लिहिलं : संभाषण. शून्यरावांनी विचारलं, बनियनचं लिहायचं का.

ही बातमी विश्वस्तांपर्यंत गेली असावी, कारण दुसऱ्या पाहणीच्या वेळी खोलीत कडेकोट शांतता होती. सहा जणी रांगेत ताठ बसलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, हात मांडीवर. आई मात्र एकटी तिच्या वेताच्या खुर्चीत बटण लावत होती. असली सोंगं मला जमत नाहीत, असा तिचा चेहरा. दारातून हवा लागते म्हणून ती खुर्ची नेमकी दाराच्या आत असायची, दोनच पावलांवर, पाय ठेवायच्या चौरंगासकट. आत जाणाऱ्याला तिला वळसा घालून अंग चोरून जावं लागे. मी घड्याळ लावून उभा राहिलो. एक मिनिट. दोन मिनिटं. थोरल्या जावेने एक डोळा किलकिला करून धाकटीचे डोळे मिटलेले आहेत ना ते तपासलं. धाकटी त्याच वेळी तेच करत होती. अकरा वर्षांत प्रथमच त्यांची नजरानजर झाली आणि दोघींना हसू फुटता फुटता राहिलं. चौथ्या मिनिटाला कोपऱ्यातून डोळे न उघडता कुणीतरी कुजबुजलं, “गेला का गं?”

“नाही,” आई म्हणाली, “उभाच आहे.”

पुन्हा : संभाषण.

तिसरी पाहणी शेवटची. आदल्या दिवशी मी शून्यरावांना म्हणालो, उद्या जे दिसेल ते लिहून मोकळं होऊ, माझ्याच्याने हे ओझं आणखी वाहवत नाही. ते म्हणाले, साहेब, ओझं कसलं, फितीचं माझं टोक हलकं असतं, हवं तर आपण टोकं बदलू. मी नको म्हणालो. पण त्या माणसाने बावीस वर्षांत ते टोक दुसऱ्या कुणाला देऊ केलं नव्हतं, हे पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

आम्ही अडीचच्या सुमाराला गेलो. उन्हाची तिरीप खिडकीच्या गजांतून जमिनीवर आली होती. बायका बोलत होत्या, पण हळू, दबक्या आवाजात; सोंग सोडून दिलं होतं त्यांनी. नर्सबाईंनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग बोट आईकडे केलं.

आई खुर्चीत मागे टेकून बसली होती. चौरंगावर पाय. डोळे मिटलेले. हात मांडीवर, एकात एक, अगदी स्थिर. मांडीवरच्या शर्टाला बटण अर्धवट लागलेलं, सुई कापडात खोचून ठेवलेली. चेहऱ्यावर जे होतं ते मी वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिच्याभोवती सहा बायका आपला आवाज असा खाली धरून होत्या, जसं कुणी पंखाखाली काही धरतं. थोरली जाऊ, मध्ये कुणालाही न घालता, धाकटीला म्हणाली, कात्री हळू ठेव. धाकटीने ठेवली.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. शून्यराव खाकरले. मी साहेबांचा कागद काढला. बोलणं नाही. डोळे मिटलेले. हात स्थिर. मी कागदाकडे बघितलं, आईकडे बघितलं. दिसेल ते लिहावं. वाटेल ते लिहू नये. मला काय वाटलं ते मी आजही लिहिणार नाही.

“माप घ्या,” मी म्हणालो.

“खोलीचं?”

“नाही. एवढंच.”

शून्यराव गुडघ्यांवर बसले आणि दाराच्या चौकटीशी शून्य धरलं, आवाज न करता. मी मूठ न फिरवता फीत हातानेच ओढली. उंबऱ्यापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत सहा फूट. एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या कपाटापर्यंत, म्हणजे खुर्ची आणि तिच्या दोन्ही बाजूंची चिंचोळी वाट धरून, पाच फूट आठ इंच. चौतीस चौरस फूट. वापर : प्रा. उरलेले दोनशे सहा चौरस फूट : संकीर्ण, करपात्र.

खाली सही करताना मला अजिबात शहाणपणा केल्यासारखं वाटलं नाही. उलट वाटलं की आपण आईला चौतीस फूट देऊन खोली घालवली. अभिलेख विभागातून दुसऱ्या दिवशी कारकून विचारायला आला की त्या प्रार्थनाघरात खुर्चीवर कोणते प्राध्यापक बसतात. ‘प्रा.’ पुढे नाव लिहायचं राहिलं आहे म्हणे.

आठवड्याभराने बादल्यावाले खोली बघायला आले. विश्वस्तांनी माझा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं की मग आत जायचं कुठून. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. ठरावातच एक ओळ होती, करमुक्त जागेतून व्यापारी मालाची ने-आण करता येणार नाही. तशी केल्यास सगळ्या वास्तूची माफी रद्द. आणि खोलीला दार एकच, तेही त्या चौतीस फुटांत उघडणारं. बादल्यावाल्यांनी खिडकीच्या गजांत एक बादली घालून पाहिली. लहान आकाराची गेली. पण बादली मोजायला आत माणूस तर लागेल, असं म्हणून त्यांनी नमस्कार केला आणि दुसरीकडे गोदाम बघितलं.

तरी दोनशे सहा फुटांची पट्टी होतीच. ती शून्यरावांनी संपवली. बावीस वर्षांत त्या माणसाने कधी नियमांचं पुस्तक उघडल्याचं मला माहीत नव्हतं, पण त्या दिवशी ते बोट ठेवूनच घेऊन आले. ज्या जागेत कायदेशीर वाटेने जाता येत नाही तिला भाड्याने देण्याजोगं मूल्य नाही. मूल्य नाही तिला पट्टी नाही. मोठ्या साहेबांनी दोन दिवस विचार केला. दोन्ही दिवस दुपारी, डोळे मिटून. मग शेरा मारला : मान्य.

पुढे खूप वर्षं त्या खोलीत बायका बसल्या. दोन्ही जावा गेल्या, थोडक्या अंतराने. नर्सबाई माझ्या निवृत्तीनंतर गेल्या. शेवटपर्यंत भेटल्या की बनियनची चौकशी असायची. शून्यराव निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते म्हणाले, यात शून्यच नाही. आता माप घ्यायला लाल ठिपक्याचं यंत्र आहे, त्याला एकच टोक असतं. करमाफीचा वाद पुन्हा रंगला आहे, दोन्ही बाजू तेच म्हणतात जे तेव्हा म्हणत होत्या, आणि मी वर्तमानपत्र वाचताना दोघांनाही मान डोलावतो. माझं मत विचाराल तर पट्टी सगळ्यांनी भरावी. फक्त मोजायला अडीच वाजता जावं.

पण हे सगळं नंतरचं. ज्या दिवशी साहेबांचा ‘मान्य’ आला त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. खोली राहिली, मी सांगितलं. तिने मान हलवली. बायकोने आतून भांडं आपटल्यासारखा आवाज केला. तो आनंदाचा होता. आई मात्र माझ्याकडे बघत राहिली.

“काय लिहिलंस?”

मी शब्दाला शब्द सांगितलं. बोलणं नाही, डोळे मिटलेले, हात स्थिर. आणि त्यापुढे एकच अक्षर. तिने घडी खाली ठेवली. त्या दिवशी जेवण झाल्यावर दिलेली धमकी ती विसरणाऱ्यांतली नव्हती. माझ्या लहानपणी एकदा खोटं बोललो म्हणून तिने आठवडाभर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता ती ‘झोपले होते’ म्हणाली की माझं लिखाण खोटं ठरणार, आणि उद्या साडेबाराला ती घरातच बसणार, या खिडकीशी, हो आणि नको करत.

तरी राहवलं नाही. “आई, खरं सांग. त्या दुपारी तू प्रार्थना करत होतीस का?”

समोरच्या शर्टाची कॉलर तिने बोटांनी सरळ केली. बायको दाराशी येऊन उभी राहिली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

“तुझे वडील दिसत होते,” ती म्हणाली. “काही बोलत नव्हते. नुसते बसले होते समोर.”

मला वाटलं, एवढ्या मोठ्या पालिकेला, सहा महिन्यांच्या वादाला, त्या तीन लक्षणांच्या कागदाला आज उत्तर मिळालं. आता यापुढे कुणी काही विचारू नये, मीसुद्धा.

आईने शर्टाची घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि तळव्याने दाबली.

“उद्या कचेरीत जाताना,” ती म्हणाली, “तेवढी माझी उशी त्या खोलीत टाकून जाशील का? खुर्चीत मान फार अवघडते.”